गोचीड सापडली? टाकू नका, कळवा!



मे महिना लागला आणि जरा ऊन दिसू लागले की आपली हाउन्सलोची मंडळी डबे भरून बाहेर पडतात. कुणी एच ३७ बसने रिचमंड गाठून पुढे रिचमंड पार्कला जातात, तर कुणी १११ पकडून हॅम्प्टन कोर्टच्या बाजूला, बुशी पार्कला. झाडाखाली चटया पसरल्या जातात, पुऱ्या-बटाट्याची भाजी निघते आणि मुले उंच गवतातून हरणे बघायला धावतात. वर्षभर बंद खिडक्यांआड काढल्यावर हा आनंद हवाच.

गेल्या वर्षी अशाच एका सहलीहून परतल्यावर मुलाला आंघोळ घालताना त्याच्या गुडघ्यामागे एक काळा तीळ दिसला. हा तीळ काल तर नव्हता! चष्मा लावून नीट पाहिले, तर तिळाला पाय होते. साताऱ्याला आईला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "अगं, गोचीड असेल. गुरांना होते तशी. रॉकेल लाव, सुटेल." रॉकेल काही घरात नव्हते. चिमट्याने ओढून काढली, टॉयलेटमध्ये टाकली, पाणी सोडले आणि सुटकेचा श्वास टाकला.

मुलाला पुढे काहीही झाले नाही. पण नंतर वाचताना कळले की त्या दिवशी मी दोन चुका थोडक्यात टाळल्या होत्या आणि तिसरी केलीच होती. टाळलेल्या चुका म्हणजे रॉकेल लावणे आणि उगाच घाबरून जाणे. केलेली चूक म्हणजे ती गोचीड पाण्यात सोडून देणे. या देशात त्या तिळाएवढ्या जिवाची नोंद ठेवणारी एक सरकारी योजना आहे आणि ती आपल्यासारख्या लोकांनी पाठवलेल्या गोचिडींवरच चालते. त्याचीच ही माहिती.

गोचीड म्हणजे नेमके काय?

गोचीड हा कीटक नव्हे. ती कोळी आणि विंचवाच्या जवळची. पूर्ण वाढलेल्या गोचिडीला आठ पाय असतात. तिला पंख नसतात आणि उडीही मारता येत नाही. गवताच्या पात्यावर किंवा नेच्याच्या टोकावर चढून ती पुढचे पाय पसरून वाट बघत बसते. हरीण, कुत्रा किंवा आपली पोटरी घासून गेली की ती अंगावर येते. मग ऊबदार, नाजूक जागा शोधते: गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, लहान मुलांच्या बाबतीत केसांच्या कडेला किंवा कानामागे. तिच्या लाळेत बधिर करणारे द्रव्य असल्याने चावल्याचे कळतही नाही.

इंग्लंडमध्ये माणसाला सर्वांत जास्त चावणारी जात म्हणजे इक्सोडिस रिसिनस. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू, मग मधली अवस्था, मग प्रौढ, असे तिचे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यात ती एकदाच पोटभर रक्त पिते. हे सारे आयुष्य साधारण दोन ते तीन वर्षांचे. मधल्या अवस्थेतली गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते. माणसाला त्रास व्हायचा तो बहुतेक वेळा हिच्यामुळेच, कारण ती दिसतच नाही. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी मात्र वाटाण्याएवढी होते. गुरांच्या कानात आपण पाहिलेली असते ती तशी, पण त्या जाती निराळ्या.

वसंतापासून शरदापर्यंत त्या जास्त सक्रिय असतात आणि सर्वांत जास्त उपद्रव एप्रिल ते जुलैमध्ये होतो. थंडी सौम्य असेल तर हिवाळ्यातही सापडतात.

लाईम नावाचे गाव आणि एका आईची वही

गोचीड स्वतः विषारी नाही. प्रश्न तिच्या पोटातल्या पाहुण्यांचा. त्यातला सर्वांत महत्त्वाचा म्हणजे बोरेलिया नावाचा जिवाणू, मळसूत्रासारखा वळलेला. त्याने होणाऱ्या आजाराला लाईम रोग म्हणतात.

लाईम हे अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या गावाचे नाव. तिथे राहणाऱ्या पॉली मरे या गृहिणीच्या घरात मुलांचे सांधे सुजत होते, पुरळ उठत होते, ताप येत होता. डॉक्टरांना निदान होत नव्हते. बाईंनी वहीत नोंदी ठेवायला सुरुवात केली. आपल्या घरातले कोण, केव्हा, कसे आजारी पडले, तसेच शेजारीपाजारी आणखी कुणाला असाच त्रास आहे, हे सगळे त्यांनी लिहून ठेवले. १९७५ साली त्यांनी आणि दुसऱ्या एका आईने राज्याच्या आरोग्य खात्याला कळवले. येल विद्यापीठाचे डॉक्टर ॲलन स्टीअर यांनी तपास केला, तेव्हा जवळपासच्या तीन वस्त्यांमध्ये मिळून ३९ मुले आणि १२ मोठी माणसे तशीच आजारी असल्याचे दिसले.

कारण मात्र लगेच सापडले नाही. ते सापडले १९८१ साली, तेही गोचिडी तपासताना. मोंटाना राज्यातल्या रॉकी माउंटन प्रयोगशाळेत विली बर्गडॉर्फर हे शास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या शेल्टर आयलंडवरून आलेल्या गोचिडी फाडून पाहत होते. खरे तर ते दुसऱ्याच तापाच्या जंतूच्या शोधात होते. त्यांना गोचिडींच्या आतड्यात मळसूत्री जिवाणू दिसले. १९८२ साली हा शोध प्रसिद्ध झाला आणि पुढे जिवाणूला त्यांचे नाव मिळाले: बोरेलिया बर्गडॉर्फरी.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली. एका बाजूला एका आईची वही आणि दुसऱ्या बाजूला गोळा केलेल्या गोचिडी, या दोन्ही एकत्र आल्या तेव्हा रोगाचा पत्ता लागला. आजची गोचिडींची पाहणी याच दोन पायांवर उभी आहे.

आपल्या शेजारचे रिचमंड पार्क

रिचमंड पार्क १६३७ साली पहिल्या चार्ल्स राजाने शिकारीसाठी कुंपण घालून बंदिस्त केले. साधारण अडीच हजार एकरांच्या या जागेत आजही ६०० हून अधिक हरणे मोकळी फिरतात. बुशी पार्कमध्येही हरणे आहेत. हरीण, उंच गवत, नेचा आणि सावलीतला ओलावा, म्हणजे गोचिडीला आणखी काय हवे?

या उद्यानांचा अभ्यास नवा नाही. रिचमंड पार्कमधल्या गोचिडींमध्ये बोरेलिया सापडल्याचे १९९१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. १९९४ साली लंडनच्या उद्यानात काम करणाऱ्या लोकांच्या रक्तात या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग येऊन गेल्याच्या खुणा, सापडल्याचे दुसऱ्या एका अभ्यासाने मांडले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण लंडनच्या उद्यानांच्या पाहणीतही रिचमंड आणि बुशी पार्कमध्ये गोचिडी मिळाल्या, त्यातल्या थोड्यांमध्ये हा जिवाणू होता.

'थोड्यांमध्ये' हा शब्द महत्त्वाचा. सगळ्या गोचिडी जिवाणू वाहत नाहीत. किती वाहतात हे जागेनुसार आणि वर्षानुसार बदलते. त्यातही एक गंमत आहे. हरणे गोचिडींना भरपूर जेवू घालतात, पण बोरेलिया हरणांकडून गोचिडीत जात नाही. तो मिळतो उंदीर-घुशींसारख्या लहान प्राण्यांकडून आणि जमिनीवर चरणाऱ्या पक्ष्यांकडून. म्हणजे हरणे गोचिडींची संख्या वाढवतात आणि उंदीर-पक्षी जिवाणू पुरवतात. नुसती हरणे मोजून धोका कळत नाही, त्यासाठी गोचिडीच तपासाव्या लागतात.

आणि हरणे नसली म्हणजे सुटलो असेही नाही. सॉल्सबरी आणि बाथ या शहरांच्या हिरव्या जागांमध्ये केलेल्या पाहण्यांत शहरी भागातही गोचिडी सापडल्या. घरामागच्या बागेत येणाऱ्या साळूसारख्या हेजहॉगवर वाढणारी एक वेगळी जात आहे, ती मांजर-कुत्र्यांवरही आढळते.

गोचिडींची खानेसुमारी कशी होते?

पाहणीच्या दोन पद्धती आहेत.

पहिलीत शास्त्रज्ञ स्वतः रानात जातात. पांढऱ्या कापडाचा तुकडा दोरीने बांधून गवतावरून ओढत नेतात. वाट बघत बसलेल्या गोचिडी त्याला प्राणी समजून चिकटतात. ठरावीक अंतरावर थांबून त्या मोजायच्या, चिमट्याने उचलून बाटलीत भरायच्या आणि प्रयोगशाळेत त्यांच्यातली जनुकीय सामग्री तपासून कोणता जिवाणू आहे ते पाहायचे. याच मार्गाने २०१५ साली इंग्लंडच्या गोचिडींमध्ये बोरेलिया मियामोटोय नावाचा आणखी एक जिवाणू असल्याचे प्रसिद्ध झाले. ही पद्धत नेमकी, पण खर्चिक. सारा देश काही कापडाने झाडून काढता येत नाही.

म्हणून दुसरी पद्धत. २००५ साली इथे 'टिक सर्व्हेलन्स स्कीम' सुरू झाली. तेव्हाची हेल्थ प्रोटेक्शन एजन्सी, पुढे पब्लिक हेल्थ इंग्लंड आणि २०२१ पासून युके हेल्थ सिक्युरिटी एजन्सी, अशी पाटी बदलत गेली, पण काम तेच राहिले. सॉल्सबरीजवळच्या पोर्टन डाउन इथे हे काम चालते. सामान्य नागरिक, गुरांचे आणि कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर, वनखात्याचे लोक, फिरायला जाणारे, असे कुणीही सापडलेली गोचीड कळवू शकते. तज्ज्ञ तिची जात ओळखतात, ती कुठे, केव्हा आणि कुणाच्या अंगावर सापडली याची नोंद करतात आणि त्यातून देशाचा नकाशा तयार होतो.

याचा उपयोग काय, हे तीन उदाहरणांवरून कळेल.

२०१५-१६ च्या हिवाळ्यात एसेक्समधल्या हार्लो गावात काही कुत्री बबेसिया या परजीवीने आजारी पडली. हा रोग युरोपात फिरून आलेल्या कुत्र्यांना होतो, पण ही कुत्री तर देशाबाहेर गेलीच नव्हती. स्थानिक पशुवैद्यांच्या हे ध्यानात आले, गोचिडी गोळा झाल्या आणि रोग तिथल्याच गोचिडींमध्ये असल्याचे सिद्ध झाले.

२०१८ साली डॉर्सेटमध्ये एका घोड्यावर लांब, पट्टेदार पायांची अनोळखी गोचीड सापडली. तीही पाठवण्यात आली. ती निघाली हायलोमा जातीची, उष्ण प्रदेशातली. घोडा कुठेच गेलेला नव्हता. आफ्रिकेतून येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांबरोबर ती आली असावी असा अंदाज आहे. तिच्यात रिकेट्सिया गटातला एक जिवाणूही मिळाला.

तिसरे उदाहरण जिवाणूचे नसून विषाणूचे आहे. मेंदूला सूज आणणारा, युरोपात गोचिडींमधून पसरणारा टीबीई विषाणू ब्रिटनमध्ये नाही असे पूर्वी समजले जात असे. २०१९ साली थेटफर्डच्या जंगलात आणि हॅम्पशायर-डॉर्सेट सीमेवर तो सापडला. त्यानंतर माणसांतल्या तुरळक केसेसही नोंदल्या गेल्या. सर्वसामान्यांना त्याचा धोका फारच कमी आहे, पण 'आहे' हे कळल्यामुळे डॉक्टर आता तो लक्षात ठेवतात.

नकाशावरची रिकामी जागा

आता मुद्द्याचे. लोकांनी पाठवलेल्या गोचिडींवर बनणाऱ्या नकाशात एक मोठी खोच असते. जिथे ठिपका आहे तिथे गोचीड आहे हे नक्की. पण जिथे ठिपका नाही, तिथे काय? तिथे गोचीड नसेल, किंवा असेल पण कुणी कळवली नसेल. नकाशाकडे पाहून हा फरक सांगता येत नाही.

ज्यांना ही योजना माहीत आहे, ज्यांच्याकडे कुत्रा आहे, जे दर रविवारी डोंगर चढतात, त्यांच्या गोचिडी नकाशावर जातात. आपल्यासारख्यांच्या गोचिडी टॉयलेटमध्ये जातात. मग आपण जिथे सहलीला जातो त्या जागा, आपण जातो ते महिने आणि आपली मुले खेळतात ते कोपरे नकाशावर कोरेच राहतात. उद्यानात सूचनेची पाटी कुठे लावायची, पायवाटेच्या कडेचे गवत कुठे कापायचे, कुठल्या भागातल्या डॉक्टरांना सावध करायचे, हे अशा नोंदींवरून ठरवायचे असते. नोंदच नसेल तर ठरवणार कसे?

२०१५ साली ब्रिस्टल विद्यापीठाने देशभरातल्या पशुवैद्यांना हाताशी धरून कुत्र्यांवरच्या गोचिडींची मोठी पाहणी केली. १२,००० हून अधिक कुत्री तपासली गेली आणि त्यातल्या जवळजवळ ३० टक्क्यांच्या अंगावर गोचिडी निघाल्या. म्हणजे नीट शोधले की सापडतात.

गावाकडची गोष्ट: सिंधुदुर्गातला माकडताप

लोकांनी कळवायचे आणि शास्त्रज्ञांनी शोधायचे, ही रीत आपल्याकडेही जुनी आहे, आणि सुट्टीत कोकणात जाणाऱ्यांनी ती माहीत करून घ्यावी अशी आहे.

१९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडू लागली. आधी पीतज्वराची शंका आली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या शास्त्रज्ञांनी तपास करून नवाच विषाणू शोधला आणि तो गोचिडींमधून पसरतो हे दाखवले. हीच संस्था आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही म्हणून ओळखली जाते. रोगाला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज हे नाव पडले, आपल्याकडे लोक त्याला 'माकडताप' म्हणतात.

हा ताप पुढे दक्षिणोत्तर पसरत गेला. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. काजूच्या बागांत आणि जंगलात काम करणाऱ्यांना धोका जास्त, कारण काजू वेचण्याचा हंगाम आणि तिथल्या बारीक गोचिडींचा हंगाम एकच. तो माणसाकडून माणसाला होत नाही. तिथे धोक्याची पहिली खूण म्हणजे मेलेले माकड. गावकऱ्याने ते पाहिल्याबरोबर कळवले, तर आरोग्य खाते आसपासच्या गोचिडी गोळा करून तपासू शकते. त्याने न कळवता पुरून टाकले, तर पहिली खबर माणसाच्या तापानेच लागते.

जानेवारी ते मे या काळात दोडामार्ग-सावंतवाडी-सत्तरी भागात जाऊन आल्यावर कुणाला अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली, तर इथल्या डॉक्टरांना आपण कुठे गेलो होतो, रानात फिरलो का, हे न विचारता सांगावे. हाउन्सलोच्या डॉक्टरला दोडामार्ग माहीत असण्याचे कारण नाही. ते आपणच सांगायचे.

गोचीड चिकटली तर काय करावे?

१. घाबरू नका, पण उशीरही करू नका. गोचीड जितका वेळ चिकटून राहील तितकी बोरेलिया शरीरात जाण्याची शक्यता वाढते. त्याच दिवशी काढली तर धोका बराच कमी होतो.

२. बारीक टोकाचा चिमटा घ्या, किंवा औषधाच्या दुकानात गोचीड काढायचे खास साधन मिळते ते वापरा. चिमट्याने कातडीच्या अगदी लगत, तोंडाजवळ धरा आणि सरळ वर, सावकाश ओढा. पोट दाबू नका. चिमट्याने पिळू नका. खास साधन असेल तर त्याच्या पाकिटावरच्या सूचना पाळा.

३. रॉकेल, खोबरेल तेल, चुना, व्हॅसलीन, नेलपॉलिश, पेटती काडी यांतले काहीही नको. आपल्या आई-आजीने गुरांवर केलेले उपाय माणसावर करू नयेत. त्याने गोचीड सुटायला वेळ लागतो आणि तिच्या पोटातले द्रव्य जखमेत येण्याची भीती असते.

४. जागा साबण-पाण्याने किंवा जंतुनाशकाने धुवा.

५. गोचीड टाकू नका. झाकण घट्ट बसणाऱ्या छोट्या डबीत ठेवा. कागदावर लिहा: तारीख, जागा (पोस्टकोड किंवा उद्यानाचे नाव), माणसावर की प्राण्यावर, आणि त्याआधी परदेशी जाऊन आलात का. मग सरकारी संकेतस्थळावर टिक सर्व्हेलन्स स्कीमचे पान उघडून त्यावरच्या ताज्या सूचनांप्रमाणे पाठवा.

६. कॅलेंडरवर चावल्याच्या तारखेला खूण करा आणि पुढचे काही आठवडे त्या जागेवर नजर ठेवा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ही योजना म्हणजे आपली तपासणी नव्हे. पाठवलेल्या गोचिडीची जात कळवली जाते, पण तिच्यात जिवाणू होता का, यावरून आपले निदान केले जात नाही. त्याला कारणही आहे. गोचिडीत जिवाणू असला तरी तो आपल्यात आला असेलच असे नाही. आणि सापडलेली गोचीड निर्दोष निघाली तरी न दिसलेली दुसरी चावून गेली असू शकते. गोचीड पाठवायची ती सगळ्यांसाठी, आणि स्वतःसाठी पाहायची ती आपली कातडी.

आपल्या रंगावर चट्टा कसा दिसतो?

लाईम रोगाची ठळक खूण म्हणजे हळूहळू पसरत जाणारा गोल किंवा लांबट चट्टा. तो साधारण एक ते चार आठवड्यांत उठतो, कधी त्याहूनही उशिरा. बहुधा खाजत नाही, दुखत नाही. चावल्यावर लगेच येणारी आणि दोन दिवसांत मावळणारी छोटी लाली वेगळी, ती कुठल्याही किड्याच्या चाव्याला येते.

पुस्तकांत आणि पत्रकांत या चट्ट्याचे चित्र बहुधा गोऱ्या कातडीवरचे असते: गुलाबी-लाल, मधे फिकट, नेमबाजीच्या चक्रासारखे. आपण तेच चित्र डोक्यात धरून बसलो तर फसू. सावळ्या आणि गव्हाळ रंगावर तोच चट्टा जांभळट, तपकिरी किंवा काळपट दिसू शकतो, मुका मार लागल्यासारखा. मधले फिकट वर्तुळ असेलच असेही नाही. म्हणून रंगापेक्षा आकाराकडे पाहा. चट्टा दिवसागणिक वाढतो आहे का? पेनाने त्याची कडा आखून ठेवा आणि रोज उजेडात फोटो काढा. डॉक्टरांना दाखवायला याहून चांगला पुरावा नाही.

असा चट्टा दिसला, किंवा चट्टा नसताना ताप, थंडी, डोकेदुखी, थकवा, सांधेदुखी किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडल्यासारखी वाटली, तर जीपीला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा: गोचीड चावली होती, किंवा अमुक तारखेला उंच गवतात फिरलो होतो. चट्टा सगळ्यांनाच उठत नाही हेही लक्षात असू द्या. नाइस या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार चट्टा स्पष्ट असेल तर डॉक्टर रक्ततपासणीची वाट न पाहता प्रतिजैविक सुरू करू शकतात, कारण पहिल्या काही आठवड्यांत रक्तात प्रतिपिंडे दिसतीलच असे नसते. उपचार साधारण तीन आठवड्यांच्या गोळ्यांचा असतो आणि वेळेवर घेतला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. घरातली उरलेली किंवा भारतातून आणलेली प्रतिजैविके मात्र मनाने घेऊ नका. नुसती गोचीड चावली आणि काहीच त्रास नाही, तर सहसा औषध देतही नाहीत.

इंग्लंडमध्ये अलीकडच्या वर्षांत दरवर्षी साधारण हजार ते सोळाशे रुग्णांचे निदान प्रयोगशाळेत पक्के होते. चट्टा पाहूनच ज्यांना औषध मिळते ते यात धरलेले नसतात. देशाच्या लोकसंख्येच्या मानाने हा आकडा लहान आहे. म्हणून सहली बंद करायचे काही कारण नाही. मळलेल्या वाटेने चाला, उंच गवतात जाताना पायजमा मोज्यांत खोचा, फिकट रंगाचे कपडे घाला म्हणजे गोचीड पटकन दिसते, आणि घरी आल्यावर मुलांचे अंग एकदा डोक्यापासून पायापर्यंत तपासा. आपण देवाला हात जोडायच्या आधी हातपाय धुतो, तसाच हा एक नेम.

आता आमच्या औषधांच्या खणात चिमट्याशेजारी एक रिकामी डबी आणि पेन्सिल ठेवलेली असते. मुलाने तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: 'तीळ नाही, गोचीड!' तुमच्या घरीही अशी एक डबी ठेवा. पुढच्या सहलीत काही सापडले, तर हाउन्सलोच्या एका मराठी घराचा एक ठिपका त्या नकाशावर पडू दे.